उपरण्याआडची छाती

आमच्या घरात पुरुषाची छाती ही झाकायची गोष्टच नव्हती. वडील भिक्षुकी करायचे. डोंबिवली पूर्वेला आमच्या दोन खोल्या होत्या आणि तिथे सकाळची पूजा, जेवण, दुपारची वामकुक्षी सगळं उघड्या अंगाने चालायचं. खांद्यावर एक उपरणं असायचं, तेही घाम पुसायला. वडील अंगाने काटक. त्यांच्या छातीवर जानवं खांद्यापासून कमरेपर्यंत सरळ पडायचं, पट्टीने रेघ मारल्यासारखं. माझं जानवं मात्र तेराव्या वर्षापासून वळसा घेऊन जायला लागलं.

हे वाक्य लिहायला मला पन्नाशी उलटावी लागली, तेव्हा आता सरळच सांगतो. मुलींना येते तशी छाती मला आली. आधी उजवीकडे बोराएवढी दुखरी गाठ, मग डावीकडे, मग दोन्हीकडे मऊ चरबी. बाकी अंग बेताचंच. कोपऱ्यावरच्या आमच्या डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिलं आणि आईला म्हणाले, "वयात येताना होतं कधी कधी मुलांना. जाईल आपोआप." बऱ्याच मुलांचं जातं म्हणे. माझं राहायलाच आलं होतं.

तेव्हापासून उपरणं हे माझं घर झालं. दोन्ही खांद्यांवरून पुढे घेऊन टोकं कमरेला खोचायची, म्हणजे वाकलं तरी सरकत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. शाळेत शर्टाखाली घट्ट बनियन, त्याखाली अजून एक बनियन. उन्हाळ्यात इतका उकडायचो की वर्गात बसल्या बसल्या डोळे मिटायचे, आणि मला एकच स्वप्न पडायचं. माझी छाती पाटीसारखी सपाट आहे, मी कुठल्याशा नदीत उतरतोय, पाणी बेंबीपर्यंत आलंय आणि काठावरचं कुणीही माझ्याकडे बघत नाहीये. एवढंच. त्या स्वप्नात पुढे काही घडायचं नाही, पण जाग आली की मला हळहळ वाटायची.

श्रावणात वर्षातून एकदा जानवं बदलायचं असतं, त्याला श्रावणी म्हणतात. आमच्या भागातले पुरुष त्या सकाळी एका देवळाच्या सभामंडपात जमायचे. सोवळं नेसून, उघड्या अंगाने, पाटांवर ओळीने बसायचे, आणि समोर बसून वडील सगळ्यांकडून विधी करून घ्यायचे. त्यांच्या उजव्या हाताला एक पाट मांडलेला असायचा. तो माझा. मुंज झाल्यापासून चार-पाच वर्षं मी तिथे बसलो, वडिलांबरोबर मोठ्याने मंत्र म्हटले, लोकांनी कौतुक केलं. नंतर मी शेवटच्या ओळीत, खांबाआड बसायला लागलो. सर्दी झालीय म्हणून उपरणं गुंडाळून. श्रावणात सर्दी कुणालाही होते, मला दर वर्षी नेमकी त्याच दिवशी व्हायची. वडील तरीही पाट मांडायचे. तो रिकामा राहायचा.

मला त्या पाटावर परत बसायचं होतं. उपरण्याशिवाय, वडिलांच्या शेजारी. आज कुणाला हसू येईल, पण नोकरी, लग्न, स्वतःचं घर या सगळ्यापेक्षा मला ते हवं होतं. कारण मंत्र म्हणायला मला मनापासून आवडायचं. सकाळच्या ओल्या हवेत दोन आवाज एकमेकांत मिसळतात तेव्हा आपला कुठला आणि वडिलांचा कुठला हे कळेनासं होतं, ते मला फार आवडायचं.

पण हे वडिलांना सांगणार कोण? मी ठाण्याला एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. कचेरीत शर्ट घालतात, याहून मोठं सुख मला माहीत नव्हतं. वडिलांबरोबर पूजेला जाणं बंद केलं. ते म्हणाले, "तुला नोकरी आहे. बरं आहे." आणि पिशवीत दर्भ भरायला लागले.

फक्त गणपतीत मला जावंच लागायचं. एवढी घरं एका माणसाला उरकत नाहीत. अशाच एका गणपतीत मानपाड्याच्या बाजूला, नव्या बंगल्यात, आम्ही दोघं प्रतिष्ठापनेला गेलो. यजमानांनी व्हिडिओ शूटिंगवाला बोलावला होता. तेव्हा ते नवीन होतं. डोक्यावर दिवा धरलेला एक जण आणि खांद्यावर कॅमेरा घेतलेला दुसरा, असे ते देवघरात घुसले. त्या दिव्याने मी घामाघूम झालो. मूर्तीला वस्त्र घालायला वाकलो आणि उपरणं सरकलं. मी लगेच सावरलं. कुणी पाहिलं नसेल असं मला वाटलं.

गौरी जेवल्या त्या दिवशी यजमानांनी आम्हाला जेवायला बोलावलं. पानं वाढली, मोदक आले आणि हौसेने टीव्हीवर कॅसेट लावली गेली. मूर्ती दिसली, समई दिसली, मग एका बाजूने मी दिसलो. वाकलेला, उपरणं सुटलेलं. आरसा माणसाला समोरून दाखवतो. अंगाची कडेची रेषा मी त्याआधी कधी पाहिलीच नव्हती. ती रेषा गळ्यापासून निघाली, पुढे आली, गोल खाली उतरली आणि परत आत गेली. त्या घरातल्या बायकांचीही तशीच होती.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. यजमानीणबाई घाईने म्हणाल्या, "अगं, गुरुजींना मोदक वाढ की अजून. तूप आण." वडील खाली पानाकडे बघत होते. त्यांनी मोदक घेतला, तूप घेतलं, आणि घरी येईपर्यंत आम्ही पावसाबद्दल बोललो. त्या रात्री मी ठरवलं की हे काढून टाकायचं.

डॉक्टरांना दाखवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे मला पक्कं माहीत होतं. तरी आधी कल्याणच्या एका सर्जनकडे गेलो. म्हातारे, जाड भिंगाचे, बोलायला तुसडे. त्यांनी दोन्ही बाजू चिमटीत धरून पाहिल्या. "कापून काढायचं. खालून अर्धगोल चीर, आतलं सगळं बाहेर, टाके. पूर्ण भूल द्यावी लागेल."

"व्रण राहील?"

"राहणारच. पण शर्ट घालतोस ना? मग कुणाला दिसणार?"

"मी उघडा बसतो, डॉक्टर. म्हणजे बसायचं आहे. आमची भिक्षुकी आहे."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. "मग कठीण आहे रे," म्हणाले. आवाजातला तुसडेपणा गेला होता. त्यांनीच मला ठाण्याचा पत्ता दिला. "तिथे एक बाई आहेत, नव्या पद्धतीने करतात. चरबी खेचून काढतात. मी केलेलं नाही, त्यामुळे बरं-वाईट सांगणार नाही."

बाई! मी महिनाभर गेलोच नाही. ज्या गोष्टीची वडिलांसमोर वाच्यता केली नाही ती परक्या बाईसमोर उघडी करायची? शेवटी एका दुपारी कचेरीतून लवकर सुटून गेलो. तलावपाळीला, पहिल्या मजल्यावर तो दवाखाना होता. खिडकीतून तलावाचं ऊन आत यायचं आणि छतावर हलायचं. मी तपासणीच्या टेबलावर पडून त्या हलत्या उजेडाकडे बघत होतो. डॉक्टरीणबाई काय दाबून बघत होत्या ते मला दुसऱ्याच कुणाच्या अंगाला चाललंय असं वाटत होतं. मला वाटतं, लाज एका हद्दीपलीकडे गेली की माणूस अंगातून उठून बाजूला बसतो.

"आंबा कसा खाता तुम्ही?" त्यांनी एकदम विचारलं.

"म्हणजे?"

"हापूस आपण कापून फोडी करतो. रायवळ दाबून दाबून मऊ करतो, देठाकडचं तोंड काढतो आणि चोखतो. साल तशीच राहते. कल्याणच्या डॉक्टरांनी तुम्हाला पहिली पद्धत सांगितली. मी दुसरी करते."

मग त्यांनी कागदावर चित्रं काढून सांगितलं. चोखायच्याही तऱ्हा होत्या. जुनी पद्धत कोरडी. पूर्ण भूल द्यायची, नळी आत घालायची, पंप लावायचा आणि खेचायचं. काम भराभर होतं पण चरबीबरोबर रक्तही बरंच येतं, आणि अंग काळं-निळं पडतं. दुसरी, पंपाऐवजी मोठी सिरिंज. हाताने ओढायची. वेळ लागतो, हात दुखतो, पण किती ओढलं यावर ताबा राहतो. तिसरी नवी होती आणि त्या बाईंना तीच पसंत होती. आधी त्या जागेत भरपूर मिठाचं पाणी भरायचं. त्यात बधिर करायचं औषध आणि रक्तवाहिन्या आवळून धरणारं औषध. मग थांबायचं. कातडी फुगून पांढरी पडली, घट्ट झाली की बारीक नळीने खेचायचं. रक्त फार कमी जातं आणि पूर्ण भूल लागत नाही, पेशंट जागा राहतो.

"परदेशात आवाजाच्या लहरींनी चरबी आधी वितळवतात, मग खेचतात," त्या म्हणाल्या. "ते मशीन माझ्याकडे नाही. आणि आलं तरी पहिल्या दिवशी तुमच्यावर नाही वापरणार, काळजी नको."

मी विचारलं, "सगळं सपाट होईल?"

"चरबी जाईल. पण मागे एक गाठ लागतेय हाताला, ती नळीतून येणार नाही. स्तनाग्राभोवतीच्या काळ्या कडेला अगदी लहान चीर देऊन ती काढावी लागेल. तिथला व्रण सहसा कडेत मिसळून जातो. छाती थोडी उंच-सखल राहू शकते, काही दिवस बधिर वाटेल. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील असं वचन मी देत नाही. देवाने तरी कुठे केल्यात?"

पुढचे कित्येक दिवस मी तुलना करण्यात घालवले. कापणं की चोखणं, कोरडं की ओलं, पंप की सिरिंज. कचेरीत आवक-जावकच्या गठ्ठ्यांवर पेन्सिलने रेषा काढायचो, गळ्यापासून निघालेली आणि सरळ खाली गेलेली. संध्याकाळी तलावाला फेऱ्या मारायचो. पाण्यात होड्या फिरत असायच्या, भेळवाल्यांचे दिवे लागायचे आणि मी मनातल्या मनात नव्या अंगाने चालत असायचो. कधी कधी इतका रमायचो की छातीवर हात गेला की दचकायचो, हे अजून इथेच आहे! कोरड्या पद्धतीने लवकर उरकेल, हा मोह होता. पण पूर्ण भुलीची मला भीती वाटायची, आणि मिठाच्या पाण्याचं का कोण जाणे, आकर्षण वाटायचं. नळीवाली, पाणी भरून, असं मी बाईंना सांगितलं.

त्यांनी दोन तारखा दिल्या. एक जूनच्या सुरुवातीची, दुसरी जवळजवळ पाच आठवड्यांनी. आता बघा, शहाण्या माणसाने काय केलं असतं? मी काय केलं ते सांगतो. आमच्या घरात मुहूर्ताशिवाय उशीचा अभ्रासुद्धा बदलत नाहीत. मी दोन्ही तारखा घेऊन वडिलांकडे गेलो आणि म्हणालो, माझ्या एका मित्राला स्कूटर घ्यायची आहे, यातला कुठला दिवस चांगला? वडिलांनी चष्मा लावला, पंचांग उघडलं, बोटांवर काहीतरी मोजलं. "पहिली नको. रिक्ता तिथी आहे. दुसरी उत्तम. त्याला म्हणावं, सकाळीच उरकून घे."

मी दुसरी तारीख घेतली. आईला खरं सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली आणि मग म्हणाली, "मला वाटलेलंच तू कधीतरी काहीतरी करशील. दुखेल का रे फार?" वडिलांना सांगितलं की कचेरीतर्फे दोन दिवस ठाण्यात ट्रेनिंग आहे, मित्राकडे राहीन.

त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला भिंतीजवळ सरळ उभं केलं आणि जाड पेनाने छातीवर रेषा काढल्या. आडवं झालं की चरबी पसरते, म्हणून आखणी उभ्याने करायची असते. एकात एक वर्तुळं, भूगोलाच्या नकाशात डोंगराची उंची दाखवतात तशी. माझ्या लाजेचा कुणी नकाशा काढेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण त्या बाई जीभ दातांत धरून इतक्या मन लावून रेषा काढत होत्या की मला त्यांच्याबद्दल माया वाटली.

मग गार पाणी आत भरायला लागलं. गुंगीचं थोडं औषध दिलं होतं, त्यामुळे मी जागाही होतो आणि नव्हतोही. डोंबिवलीजवळच्या कोपर गावाच्या पुढे, खाडीकडे मिठागरं आहेत. लहानपणी तिथे वडिलांबरोबर एका पूजेला गेलो होतो. भरतीचं पाणी बांध उघडून चौकोना-चौकोनांत कसं सोडतात ते मी तेव्हा पाहिलं होतं. आवाज न करता येतं ते. आता तेच पाणी माझ्यात येत होतं. चौकोन भरत होते, आभाळ त्यात उतरत होतं, मग ऊन पडत होतं आणि सगळं पांढरं होत होतं. लांबवर गिरणी चालल्यासारखा पंपाचा आवाज येत होता. कुणीतरी आतून मला रांगोळी पुसावी तसं पुसत होतं. दुखत नव्हतं, फक्त ओढ लागत होती. मी काहीतरी पुटपुटत होतो.

"भटजी मंत्र म्हणतायत," नर्स म्हणाली.

"म्हणू दे. पण हलायचं नाही हां, भटजी," बाई म्हणाल्या.

शेवटी त्यांनी काचेची बाटली दाखवली. पिवळसर, किंचित गुलाबी, कढवायला ठेवलेल्या लोण्यासारखं. इतकी वर्षं ज्याच्यामुळे मी खांबाआड बसलो, ते एवढंच होतं. मला त्याची कीव आली.

नंतर त्यांनी घट्ट इलॅस्टिकचं जाकीट घातलं. सहा आठवडे, दिवस-रात्र. आंघोळीपुरतं काढायचं, ते सुद्धा पहिल्या काही दिवसांनंतर. "हे काढून फिरलात तर आत पाणी साठेल आणि कातडी नीट चिकटणार नाही. मग माझी सगळी मेहनत वाया." मी मान डोलावली आणि घरी येऊन कॅलेंडरसमोर उभा राहिलो. सहा आठवडे श्रावणीच्या पुढे जात होते. आठवडाभराने! पहिली तारीख घेतली असती तर श्रावणीच्या कितीतरी आधी मोकळा झालो असतो. पंचांगाने दुष्काळात तेरावा महिना आणला होता, आणि तोही मीच मागून घेतलेला.

घरात वरून शर्ट घातला की ते वडिलांना दिसायचं नाही, पण जाकीट शिवलेलं होतं. सोवळ्यात शिवलेलं वस्त्र चालत नाही. अखंड कापड नेसायचं, पांघरायचं. म्हणजे जाकीट घालून पाटावर बसता येणार नाही आणि जाकीट काढून चालणार नाही. मी ठरवलं की यंदाही सर्दी. पुढच्या वर्षी बसू. इतकी वर्षं गेली, अजून एक.

पण श्रावण लागला तेव्हा वडील जेवताना आईला म्हणाले, "यंदाची श्रावणी झाली की मी सांगून टाकणार आहे. पुढल्या वर्षीपासून दुसऱ्या गुरुजींना बोलवा म्हणावं. माझा आवाज पुरत नाही आता मंडपाला. शेजारी म्हणणारं कुणी असतं तर गोष्ट वेगळी." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आमटीत बोट बुडवून मी बसून राहिलो. पुढच्या वर्षी तो पाटच नसणार होता.

 तिसऱ्या दिवशी आईने ट्रंकेतून तिचं जुनं सोवळ्याचं रेशमी पातळ काढलं. माझ्या जन्माच्या वेळी कोपर गावातली एक आगरी म्हातारी आईला अंग चोळायला यायची. चोळून झालं की ती जुन्या लुगड्याच्या लांब पट्टीने आईचं पोट घट्ट बांधायची. बाळंतिणीचं पोट सैल राहू नये म्हणून. "तुझ्या त्या जाकिटाचं काम तेच ना?" आई म्हणाली. "आतलं जागेवर बसायचं. मग शिवायला कशाला हवं? पट्टी फाडायची, बांधायची. फाडलेलं चालतं, शिवलेलं नाही."

मी कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याकडून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांना आधी काही समजेना. मग त्या हसल्या, आणि थोडा विचार करून म्हणाल्या, "दोन-तीन तासांपुरतं चालेल. सुरकुती पडू देऊ नका. आणि श्वास घेता आला पाहिजे, तुम्हाला मंत्र म्हणायचेत."

श्रावणीच्या सकाळी वडील मोरीत आंघोळ करत होते आणि आई आतल्या खोलीत मला बांधत होती. मी हात वर करून उभा. ती म्हणायची "फीर," मी फिरायचो. पट्टीचे दोन वेढे झाले असतील. अजून वरची बाजू उघडीच होती, पुरत्या न विरलेल्या पिवळ्या डागांनी भरलेली. आंघोळ इतक्या लवकर उरकेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. ओला पंचा नेसलेले वडील दारात उभे राहिले.

"काय झालंय ह्याला?"

आईने एका दमात सगळं सांगितलं. तेराव्या वर्षापासूनचं. उपरणं, सर्दी, ती कॅसेट, कल्याण, ठाणे. तिला सगळंच माहीत होतं, हे मलाही तेव्हाच कळलं. वडिलांच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं. ते माझ्या छातीकडे बघत होते, आणि मी पहिल्यांदा हात आडवा घेतला नाही.

"म्हणजे ती स्कूटर ही," ते म्हणाले.

मग पुढे आले, पट्टीचं टोक आईच्या हातून घेतलं. "इथे सैल आहे," म्हणाले. उरलेले वेढे त्यांनी घातले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना श्रावणीला उशीर झाला.

मंडपात लोक पाटांवर बसून वाट बघत होते. मी वडिलांच्या उजव्या हाताला बसलो. छातीला रेशमी वेढे, वर फक्त जानवं. समोरून कुणीतरी विचारलंच, "गुरुजी, मुलाला काय लागलं?"

 वडील ताम्हन मांडत होते. मान वर न करता, संकल्प सांगायच्या खड्या आवाजात म्हणाले, "छाती वाढली होती त्याची. बायकांसारखी. ऑपरेशन करून घेतलं."

जे मी जगापासून लपवत आलो होतो ते एका वाक्यात सगळ्या मंडपाला कळलं.  मग दुसऱ्या ओळीतले एक आजोबा म्हणाले, "माझ्या पुतण्याला पण आहे हो हे. कुठे केलं?"

"ठाण्याला," वडील म्हणाले.

"कापावं लागलं?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला आणि उघड्या अंगाने बसलेल्या त्या सगळ्या पुरुषांना पाणी भरायची पद्धत समजावून सांगितली. आंब्याचाही दाखला दिला. "बरीच पुढे गेलेली दिसतायत डॉक्टर मंडळी," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पत्ता मागितला. तेवढ्यात कुणीतरी पंचगव्याची वाटी पुढे सरकवली आणि मंडळी कामाला लागली.

विधी सुरू झाला. वडिलांचा आवाज मध्येच बारीक व्हायचा, तिथे मी चढवायचो. श्वास पुरा भरता येत नव्हता, पट्टी आवळत होती, तरी मंडपाला आवाज पुरला. मधल्या कुठल्यातरी मंत्राला दोन्ही आवाज एक झाले. ते किती वेळ टिकलं ते मला सांगता येणार नाही.

परत येताना रस्ता ओला होता आणि ऊन पडलं होतं. वडिलांची चाल मंद झाली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. मला वाटलं दमले.

"एक विचारू?" ते म्हणाले. वडिलांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. "तू शेवटच्या ओळीत बसायचास. माझ्याबरोबर यायचं सोडलंस. ते ह्याच्यासाठीच ना? दुसरं काही नव्हतं?"

"नाही. दुसरं काहीच नव्हतं."

"मला वाटायचं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मंडपात झाला होता तसाच बारीक झाला, "तुला माझी लाज वाटते. दारोदार पूजा सांगत फिरतो म्हणून."

मी मान हलवत राहिलो. बोलायला गेलो आणि रडूच आलं. प्रत्येक हुंदक्याला पट्टी छातीला काचत होती, टाक्यांची जागा दुखत होती, आणि भर रस्त्यात वडील माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, "हळू रे, हळू. सुटेल ते."